काळ्या जमिनीत दफनभूमी आखताना

शहरातली दफनभूमी लवकर भरते ती बहुतेक वेळा पक्क्या ओट्यांमुळे. ओटा बांधला की तेवढी जागा कायमची गेली. कबर कच्ची ठेवली तर तीच जमीन फिरून वापरता येते. म्हणून ‘पक्कं बांधकाम नाही’ हा ठराव जमातीने किंवा समाजाने पहिल्या दफनाआधीच करावा. नंतर कुणाच्या वडिलांचा ओटा कोण फोडणार?

जागेचा हिशेब सोपा आहे. दफन करणारी वस्ती 20,000 आणि वर्षाला हजारी 7 मृत्यू धरले तर 140 कबरी. वाट, नाली, झाडं धरून प्रत्येकी 5 चौरस मीटर, म्हणजे वर्षाला साधारण सात गुंठे. दहा पट्टे पाडून दरवर्षी एक भरायचा म्हटलं तर पावणेदोन एकर लागतात. दोन पट्टे जास्तीचे ठेवाच, कारण दहा वर्षांत जमीन मोकळी होईल की नाही हे माती ठरवते.

आणि मराठवाड्यात घोडं तिथेच अडतं. काळी माती पावसात फुगते, हवा कोंडते. पाण्यात, हवेविना राहिलेल्या शरीराची चरबी मेणासारखी घट्ट होते आणि कुजणं थांबतं. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते, मग वास वर येतो.

चाचणीचे खड्डे गणपती उठल्यावर घ्या, विहिरी भरलेल्या असतात तेव्हा. मे महिन्यात कुठलीही जागा कोरडीच दिसते. एकरी चार खड्डे, 2.5 मीटर खोल, दोन दिवस वरून झाकून ठेवा. तळाला पाणी दिसलं नाही तर जागा चालेल: 1.5 मीटर कबर आणि तिच्याखाली किमान 1 मीटर कोरडी माती.

1.2 मीटरवरच कातळ लागला तर ब्रेकर लावू नका. कातळात फोडलेला खड्डा पावसाळ्यात हौदासारखा भरतो. त्यापेक्षा भोवती दगडी पडदी घालून जमीन उचला: दोन भाग मऊ मुरूम, एक भाग काळी माती, 30 सेंटीमीटरच्या थरांत, रोलर न फिरवता. भर एक पावसाळा बसू द्या. ‘गाळमुक्त धरण’ योजनेतला तलावाचा गाळ कुणी आणून टाकतो म्हणाला तर हात जोडा. शेताला तो सोन्यासारखा, पण आहे चिकणमातीच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 1998 च्या अहवालात पिण्याच्या विहिरीपासून 250 मीटर आणि ओढ्यापासून 30 मीटर अंतर सांगितलं आहे. आपल्याकडे पाणी खडकाच्या भेगांतून वाट काढतं, त्यामुळे नुसत्या अंतरावर विसंबू नका. उताराच्या खालच्या अंगाला एक बोअर फक्त तपासणीसाठी घ्या आणि त्यातलं नायट्रेट व ई-कोलाय (विष्ठेतले जंतू) पावसाळ्याआधी आणि नंतर पाहा.

बगली कबर, म्हणजे खड्ड्याच्या बाजूला कोनाडा काढलेली, काळ्या मातीत ढासळते. संदूकी, म्हणजे मधोमध सरळ पेटीसारखी, खोदून वर शहाबादी फरशी टाकलेली बरी. लिंगायत समाधीत बसवून दफन होतं, जागा कमी लागते पण खोली जास्त, म्हणून त्यांचे पट्टे कातळ सर्वांत खोल असेल तिथे ठेवा. पेटी असेल तर साध्या लाकडाची. सनमायका लावलेलं प्लायवूड वर्षानुवर्षं तसंच राहतं.

शरीरावर किमान 90 सेंटीमीटर माती हवी, नाहीतर कुत्री उकरतात. वर 30 सेंटीमीटरचा उंचवटा ठेवा. पहिल्या पावसात तो खचतो, आणि पुन्हा भर घातली नाही तर खळग्यात पाणी साचून सगळी मेहनत वाया. खूण म्हणून जमिनीशी समतल, वीतभर नंबरचा दगड पुरे. नावं भिंतीवर आणि नोंदवहीत.

झाडं पट्ट्यांच्या मधल्या रांगेत आणि कडेने लावा: कडुनिंब, करंज, बहावा. कुंपणाला सागरगोटा. गुलमोहर वाऱ्यात पडतो, सुबाभूळ सगळीकडे पसरते. काही समाजांत दफनात मीठ टाकतात. पोत्याने टाकलं तर कुजणं लांबतं आणि शेजारची झाडं वाळतात. विधीपुरतं मूठभर टाकायचं की नाही, हे आधीच वडीलधाऱ्यांशी बोलून घ्या.

जुना पट्टा उघडताना आधी एकच सर्वांत जुनी कबर तपासा. नुसती हाडं निघाली तर त्याच खड्ड्याच्या तळाखाली 30 सेंटीमीटर खोल ठेवून माती लोटा आणि पट्टा सुरू करा. तसं नसेल तर झाकून टाका, राखीव पट्टा वापरा आणि इथे दोन वर्षांनी पुन्हा पाहा.