जुन्या अंतराळपटांचं विज्ञान तपासताना या चुका टाळा

पहिल्या पन्नास वर्षांतले अंतराळपट आता घरबसल्या बघायला मिळतात आणि त्यांच्यावर हौसेनं लिहिलंही जातं, ही आनंदाची गोष्ट आहे. पण 'विज्ञानाच्या नावानं शंख' असा शेरा मारून मोकळं होणाऱ्यांनी जरा थांबावं. त्या शेऱ्यामागे बहुतेकदा ठरावीक चुका असतात.

विचित्र दिसलं की चूक समजणं. फ्रिट्झ लांगच्या 1929 च्या 'फ्राउ इम मॉन्ड' (चंद्रावरची स्त्री) या जर्मन मूकपटात रॉकेट पाण्याच्या हौदातून उडतं. आज ते बघून हसू येतं, पण या चित्रपटाचे सल्लागार होते रॉकेटशास्त्राचे एक प्रवर्तक हर्मान ओबेर्थ. रॉकेटचा सांगाडा इतका हलका ठेवायचा, की त्याला उभं राहायला पाण्याचा आधार लागावा, असा त्यामागे हिशेब होता. याच चित्रपटात उंच इमारतीतून उभंच्या उभं बाहेर येणारं रॉकेट आहे, एकामागून एक गळून पडणारे टप्पे आहेत, उलटी मोजणी आहे, उड्डाणाच्या वेळी आडवे झोपलेले प्रवासी आहेत. वजन नाहीसं झाल्यावर पाय अडकवायला जमिनीवर पट्टेसुद्धा आहेत! माणूस चंद्रावर उतरायच्या 40 वर्षं आधीची ही गोष्ट.

सल्लागाराचं नाव बघून सगळंच खरं मानणं. याच चित्रपटात चंद्रावर श्वास घेण्याजोगी हवा आहे. इथे सवलत देऊ नका. चंद्रामागे जाणारा तारा हळूहळू मंद न होता क्षणात दिसेनासा होतो, म्हणजे तिथे नावाजोगी हवा नाही, हे खगोलशास्त्रज्ञांना तेव्हा चांगलं ठाऊक होतं. चंद्राच्या पलीकडच्या बाजूला हवा असेल हा 19व्या शतकातला तर्क केव्हाच मागे पडला होता. मूकपटात सगळा अभिनय चेहऱ्यावर, त्यावर शिरस्त्राण चढवलं की नाटकच संपलं. माझ्या मते ही सूट त्यासाठी घेतलेली आहे. 'डेस्टिनेशन मून'मध्येही (1950) चंद्राची जमीन सुकलेल्या चिखलासारखी भेगाळलेली दिसते. अंतराळचित्रकार चेस्ली बोनस्टेल यांना त्या भेगा अजिबात पटल्या नव्हत्या, कारण जिथे पाणी नाही तिथे चिखल कुठून येणार? पण छोट्या सेटला खोली यावी म्हणून कलादिग्दर्शकानं त्या ठेवल्या. म्हणून चूक सापडली की ती कुणाची आणि कशासाठी, हेही शोधा.

तोफ आणि रॉकेट यांना एकाच मापानं तोलणं. जॉर्ज मेलिएस या फ्रेंच जादूगार-दिग्दर्शकाच्या 1902 च्या चित्रपटातही माणसं तोफेतून चंद्रावर जातात, पण ती जादूगाराची करामत आहे, त्याला गणित लावू नका. 1936 च्या 'थिंग्ज टू कम'मध्ये मात्र गंभीर चेहऱ्यानं माणसांना तोफेतून उडवलंय. तोफेची नळी 300 मीटर धरा, पृथ्वी सोडायला लागणारा वेग सेकंदाला 11 किलोमीटर. माणसावर त्याच्या वजनाच्या 20 हजार पटींहून जास्त भार येतो. रॉकेटशास्त्राचे रशियन प्रवर्तक त्सिओल्कोव्स्की यांचा रॉकेटनं अंतराळात जाण्यावरचा लेख 1903 सालीच छापून आला होता, त्यामुळे इथे अज्ञानाची सबब चालत नाही.

प्रतीचा वेग न तपासता उड्या मोजणं. ही चूक सहसा कुणाच्या लक्षातच येत नाही. 1936 चा सोव्हिएत मूकपट 'कॉस्मिचेस्की रेइस' (अंतराळप्रवास) त्सिओल्कोव्स्कींच्या सल्ल्यानं बनला. चंद्रावरच्या लांबच लांब उड्या त्यात बाहुल्या वापरून, एकेक चौकट (फ्रेम) टिपून दाखवल्यात. त्या तपासायला स्टॉपवॉच पुरतं. दीड मीटरवरून सोडलेली वस्तू पृथ्वीवर साधारण 0.55 सेकंदात पडते, चंद्रावर 1.36 सेकंदात. म्हणजे पडायला जवळजवळ अडीचपट वेळ लागायला हवा. मात्र मूकपट चित्रित होताना सेकंदाला किती चौकटी टिपायच्या, हे ठरलेलं नसे. तेच आज 24 चौकटींच्या वेगानं चालवले, तर सगळेच दुडूदुडू धावतात आणि तुमचा हिशेब बिघडतो. आधी पृथ्वीवरचा एखादा चालण्याचा प्रसंग बघा. माणसं नेहमीच्या चालीनं चालताना दिसली तरच पुढे मोजा, नाहीतर प्लेअरमध्ये वेग कमी करा. आणि प्रत पूर्ण लांबीची आहे ना, तेही बघा. 'फ्राउ इम मॉन्ड'च्या कापलेल्या आवृत्त्याही फिरतात, आणि कात्रीत गेलेल्या स्पष्टीकरणाचा दोष उगाच दिग्दर्शकाच्या माथी येतो.