आर आणि नमपायचं प्रमाण विचलन जुळेना तेव्हा

एकाच कॉलमचं प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत याचं माप) आर या संख्याशास्त्राच्या भाषेत एक आणि पायथनच्या नमपाय या गणिती लायब्ररीत दुसरंच येत होतं. सरासरी मात्र तंतोतंत सारखी. रिकाम्या ओळी नव्हत्या, दशांशचिन्हंही जागेवर होती.

शेवटी मोठी फाइल बाजूला ठेवली आणि हाताने सोडवता येतील असे आठच आकडे घेतले: २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९. सरासरी ५, फरकांच्या वर्गांची बेरीज ३२. नमपाय म्हणे २, आर म्हणे २.१३८. गोम इथेच होती. ३२ला ८ने भागून वर्गमूळ काढलं की २ येतं, ७ने भागलं की २.१३८. आरचं 'एसडी' हे फंक्शन नेहमी एकूण आकड्यांपेक्षा एकने कमी संख्येने भागतं, नमपायचं 'एसटीडी' आपण काही सांगितलं नाही तर आकड्यांच्या एकूण संख्येने. नमपायला 'डीडीओएफ'ची (भागताना एकूण संख्येतून किती वजा करायचं ते) किंमत १ दिली, उत्तरं जुळली. माझा डेटा मोठ्या समूहातला नमुना होता, म्हणून हीच पद्धत ठेवली.

गंमत म्हणजे पायथनमधलंच पांडाज (तक्त्यांवर काम करणारी लायब्ररी) आरसारखं वागतं. एका घरात दोन हिशेब, हे जरा अतिच!

एक्सेलवाल्यांसाठी: तिथे शेवटी 'एस' असलेलं सूत्र आरशी जुळतं, 'पी'वालं नमपायशी.