बाविसावा सेकंद

जुनी घड्याळं उघडून दुरुस्त करायची, असा आमचा दोघींचा वेब शो. सुरू केला तेव्हा नुसत्या शीर्षकावर आठ दिवस घालवले. दातेरी चक्रं फिरतायत, संगीत चढत जातंय, मग नाव झळकतंय. एकूण छत्तीस सेकंदांचा ऐवज. भाग टाकल्यावर प्रेक्षक कुठवर टिकले त्याचा आलेख उघडला, तर बाविसाव्या सेकंदाला रेघ कड्यावरून ढकलल्यासारखी कोसळलेली. निम्मी मंडळी घड्याळ दिसायच्या आतच उठून गेली होती.

तिसऱ्या भागापासून शीर्षकाला नारळ दिला. चिमट्यात धरलेली केसाएवढी स्प्रिंग, ती सुटून उडते, आणि मैत्रिणीचा दबका आवाज, "हलू नकोस, पायाखाली येईल!" तिथूनच भाग सुरू. रेघ उतरायची थांबली नाही, पण सावकाश उतरू लागली.

नव्याने शो करणाऱ्यांना मी हाच आलेख आधी बघायला सांगते. व्ह्यूजचा आकडा खुशमस्कऱ्या असतो. आमचा एक भाग गंजलेलं घड्याळ धुतल्यामुळे कुठल्या कुठे गेला. त्या गर्दीतलं पुढच्या भागाला जवळजवळ कुणी फिरकलं नाही. ठरल्या वाराला न बोलावता येणारे किती, ते मोजा. ते वाढण्यासाठी वार मात्र तुम्हाला पाळावा लागतो. आठवड्याला झेपत नसेल तर पंधरवड्याला करा, पण चुकवू नका.

कॅमेऱ्याची चिंता सोडा, फोन चालतो. पैसे कॉलरच्या माइकवर घाला. अंधुक चित्र लोक सोसतात, घुमणारा आवाज नाही.

आता पैशाचं. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४,००० तास पाहिलं जाणं लागतं (शॉर्ट्सची अट वेगळी). एक जण सरासरी पाच मिनिटं थांबतो असं धरलं, तरी हे ४८,००० व्ह्यूज झाले. त्यानंतर मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातींच्या उत्पन्नातले ५५ टक्के आपले. आठ मिनिटांपुढच्या व्हिडिओत मध्ये जाहिरात घालता येते, म्हणून आम्हीही सहा मिनिटांचं काम ताणून साडेआठ केलं. आलेखाने लगेच पावती दिली. पुन्हा त्या वाटेला गेलो नाही.

त्यापेक्षा थेट प्रेक्षकांकडे मागायला मी उशीर केला, याची जास्त हळहळ वाटते. फेलिशिया डे यांच्या 'द गिल्ड' या वेब मालिकेचे पहिले काही भाग २००७मध्ये पदरच्या पैशांनी झाले आणि ते संपल्यावर पहिल्या सीझनचे उरलेले भाग प्रेक्षकांच्या देणग्यांवर. आम्ही वर्षभर लाजत होतो. शेवटी महिन्याचं सभासदत्व सुरू केलं, बदल्यात न कापलेली दुरुस्ती दाखवतो. संथ, कंटाळवाणी, मधेच शिव्या. सभासदांना तीच सगळ्यात आवडते, का ते मला अजून नीट उमगलेलं नाही.

पहिला प्रायोजक मिळाला तेव्हा हुरळून करार न वाचता सही ठोकली. आमचं चित्रीकरण त्यांना कायमचं वापरता येईल, असं एक कलम त्यात होतं. आजही माझे हात त्यांच्या जाहिरातीत स्क्रू पिळत असतात, दमडी न देता. म्हणून आता मुदत, माध्यम आणि पैसे देण्याची तारीख, या तीन ओळी आधी शोधते.

आणि ईमेलची यादी पहिल्या भागापासून ठेवा. ब्लिप टीव्ही ही स्वतंत्र वेब शोंची मोठी साइट होती, ती २०१५च्या ऑगस्टमध्ये बंद झाली. अशा वेळी व्हिडिओची मूळ प्रत आपल्याकडे असली तर दुसरीकडे चढवता येते, पण प्रेक्षकांना नवा पत्ता कळवणार कसा? आमच्या यादीत पहिले तीन महिने एकोणीस नावं होती. त्यातल्या एका आजोबांनी चौथ्या भागानंतर लिहिलं होतं, "पोरींनो, बॅलन्स व्हील उलटं बसवलंयत."