लिनक्सवर एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकताना

आधी कार्ड कोणतं आहे ते बघा. टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय' ही कमांड द्या (कमांड अर्थातच रोमन लिपीत, लहान अक्षरांत) आणि व्हीजीए किंवा थ्रीडी कंट्रोलर असं लिहिलेल्या ओळी शोधा. तिथे फक्त एएमडी किंवा इंटेल दिसलं, तर पुढचं वाचायची बहुधा गरजच नाही. त्यांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतात. खटाटोप आहे तो एनव्हिडियासाठी. 'नूव्हो' हा मुक्त ड्रायव्हर स्क्रीन चालू करून देतो, पण गेम, थ्रीडी रेंडरिंग किंवा कूडा (कार्डवर जड गणितं चालवायची एनव्हिडियाची प्रणाली) यांसाठी कंपनीचाच ड्रायव्हर लागतो.

इथे विंडोजची सवय नडते. वेबसाइटवर जायचं, फाइल उतरवायची आणि चालवायची. लिनक्सवर ते टाळा. तशी टाकलेली '.रन' फाइल पॅकेज मॅनेजरच्या (सॉफ्टवेअर टाकणाऱ्या-अपडेट करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) हिशेबात नसते, त्यामुळे कर्नल बदलला की एखाद्या सकाळी समोर काळी स्क्रीन येऊ शकते. ड्रायव्हर आपल्या डिस्ट्रोच्या (उबुंटू, फेडोरा अशा लिनक्सच्या प्रकाराच्या) रेपॉझिटरीतूनच, म्हणजे सॉफ्टवेअरच्या ऑनलाइन साठ्यातूनच घ्यावा.

उबुंटूवर आधी सिस्टीम अपडेट करून रीस्टार्ट करा. मग 'अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स' उघडा. यादीत ज्याच्यापुढे 'टेस्टेड' लिहिलंय तो निवडून 'अप्लाय चेंजेस' दाबा. टर्मिनलच आवडत असेल तर 'सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल' पुरतं. सर्वांत मोठा आकडा म्हणजे सर्वांत चांगला ड्रायव्हर, असं नाही: केप्लर पिढीच्या जुन्या कार्डांना 470 च्या पुढची मालिका चालतच नाही.

फेडोरावर आधी आरपीएम फ्यूजन ही जादाची रेपॉझिटरी जोडावी लागते, मग 'एकेमॉड-एनव्हिडिया' हे पॅकेज. इन्स्टॉल झाल्याझाल्या रीस्टार्ट करू नका. ड्रायव्हरचं मॉड्यूल (कर्नलमध्ये बसणारा भाग) मागे तयार होत असतं, त्याला पाचेक मिनिटं द्या.

आता सगळ्यात जास्त लोक अडकतात ती जागा: सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होताना फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय. तो चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल कर्नल आत घेत नाही. म्हणून ड्रायव्हर इन्स्टॉल करतानाच उबुंटू एक पासवर्ड ठरवायला सांगतं. रीस्टार्ट केल्यावर निळी स्क्रीन येते. घाबरू नका, पण रेंगाळूही नका. ती दहा सेकंदच थांबते. लगेच कोणतीही की दाबा, 'एनरोल मॉक' (सहीची किल्ली नोंदवणं) निवडा, मग 'कंटिन्यू', 'येस', तोच पासवर्ड आणि शेवटी 'रीबूट'. ही स्क्रीन हुकली तर ड्रायव्हर डिस्कवर असतो, पण लोड होत नाही. मग माणूस तासभर भलतीकडेच चूक शोधत बसतो.

खात्रीसाठी 'एनव्हिडिया-एसएमआय' चालवा. कार्डचं नाव, ड्रायव्हरची आवृत्ती आणि तापमान दाखवणारा तक्ता आला की जमलं.

तक्त्याऐवजी काळी स्क्रीनच आली, तर कंट्रोल-ऑल्ट-एफ3 दाबून टेक्स्ट कन्सोल मिळतो का बघा. नाहीच मिळाला, तर सुरू होताना एस्केप दाबून ग्रब मेनू (लिनक्स सुरू करणारा मेनू) आणा, 'ई' दाबा, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' जोडा आणि एफ10 दाबा. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो. आत शिरलात की एनव्हिडियाची पॅकेजं काढून टाका, रीस्टार्ट करा आणि यादीतला दुसरा ड्रायव्हर लावून बघा.