हिरवी टिक बघून फसू नका: टॉक्स लावताना या चुका टाळा

गंगापूर रोडवरच्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात कांदा व्यापाऱ्यांच्या हिशेबपट्टीचं एक पायथॉन पॅकेज आम्ही सांभाळतो, आणि ते वेगवेगळ्या पायथॉन व्हर्जन्सवर तपासायला टॉक्स हे टूल वापरतो. नवीन व्हर्जन टाकलं आणि तासाभरात पिंपळगाव बसवंतहून फोन: "अहो, पट्टी निघेना. शेतकरी खोळंबलेत!"

त्यांच्या मशीनवर उबंटू २२.०४, म्हणजे पायथॉन ३.१०. आमच्या लॅपटॉपवर ३.१२. कुणीतरी एफ-स्ट्रिंगच्या (मजकुरात थेट व्हॅल्यू घालायची पायथॉनची सोय) डबल कोट्समध्ये पुन्हा डबल कोट्सच वापरले होते. ३.१२ ला ते चालतं, त्याआधी थेट सिंटॅक्स एरर.

पण टॉक्सच्या यादीत ३.१० होतं की! मग लॉग वर सरकवून नीट वाचला. '३१०' समोर बारीकसं 'स्किप', '३१२' समोर 'ओके' आणि खाली टॉक्सचं 'काँग्रॅच्युलेशन्स'. टॉक्स स्वतः पायथॉन इन्स्टॉल करत नाही, मशीनवर असेल ते शोधतो. ३.१० नव्हतंच, आणि 'स्किप मिसिंग इंटरप्रिटर्स' (नसलेली पायथॉन व्हर्जन्स वगळा) हे सेटिंग ट्रू असल्याने त्याने गुपचूप पुढची वाट धरली. स्वतःच्या लॅपटॉपवर ट्रू ठेवा हवं तर, सीआयवर (कोड बदलला की आपोआप टेस्ट चालवणारी यंत्रणा) मात्र फॉल्सच. लागणारी व्हर्जन्स पायएन्व्ह किंवा यूव्ही या टूल्सने आधी टाकून घ्या.

दुसरी चूक जास्त छुपी. पॅकेजचं फोल्डर प्रोजेक्टच्या मुळाशीच असेल, तर टेस्ट बऱ्याचदा इन्स्टॉल केलेलं पॅकेज सोडून समोरचं फोल्डरच इम्पोर्ट करतात. आमची प्रतवारीची जेसन फाइल व्हीलमध्ये (इन्स्टॉल करायच्या तयार पॅकेज फाइलमध्ये) गेलीच नव्हती, तरी टेस्ट मात्र खुशाल पास! कोड 'एसआरसी' फोल्डरमध्ये हलवला आणि त्याच दिवशी पितळ उघडं पडलं. हलवताना इम्पोर्टवरून थोडी कटकट होते, ती सोसा.

गिटहब ॲक्शन्स या सीआय सेवेच्या वायएएमएल (सेटिंग्जच्या) फाइलमध्ये ३.१० कोट्सशिवाय लिहिलं की तो दशांश आकडा ठरतो, शेवटचं शून्य गळतं आणि ३.१ ची शोधाशोध सुरू होते. कोट्स घाला, विषय संपला. तिथलंच 'फेल-फास्ट' मुळात ट्रू असतं. एक व्हर्जन लाल झालं की चालू असलेली बाकीची रद्द, मग बिघाड एकाच व्हर्जनचा की सगळ्यांचा, काय कळणार? फॉल्स करा.

'डिस्टयूटिल्स सापडत नाही' असं फक्त ३.१२ वरच आलं तर स्वतःच्या कोडवर चिडू नका. पॅकेज बांधायचं ते जुनं मॉड्यूल ३.१२ मधून काढूनच टाकलंय. बहुतेक वेळा एखादी जुनी डिपेंडन्सी (आपला कोड वापरतो ते दुसऱ्याचं पॅकेज) ते मागत असते, ती अपडेट करा.

व्हर्जनची यादी कुठे थांबवायची, यावर आमच्याकडे अजून वाद होतात. ३.९ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, ते आम्ही काढलं. ३.१० ची मुदत ऑक्टोबर २०२६ ची. पण पिंपळगावच्या शेठना मशीन बदलायचं नाहीये, तेव्हा ३.१० यादीत राहील.