बॅगेवरची नको असलेली जाहिरात: चिकटू द्यायची नाही, चिकटलीच तर काढायची कशी

चेक-इन केलेली बॅग पट्ट्यावरून फिरत परत येते तेव्हा तिच्यावर निघताना नसलेलं बरंच काही असतं. हँडलला बारकोडची लांब पट्टी, कडेला एक छोटा बारकोड, कुठंतरी सुरक्षा तपासणीचा स्टिकर, आणि या गर्दीत एखादा चकचकीत कागद, ज्याचा तुमच्या प्रवासाशी काडीचा संबंध नाही. क्रेडिट कार्ड, हॉलिडे पॅकेज, जे काही कुणाला विकायचं असेल ते. हा कागद टाळता येतो, बॅगेला इजा न करता काढता येतो, आणि त्यापायी बॅग खराब झाली असेल तर भरपाईही मागता येते. मात्र चिडून सगळंच ओरबाडलं, तेही वाटेत, तर बॅग भलत्याच गावाला जाते. म्हणून आधी कामाचं काय ते बघू.

कुठला कागद ठेवायचा

हँडलला वेढा घालून लावलेली पट्टी हाच बॅगेचा पत्ता. तिच्यावर मोठ्या अक्षरांत पोचायच्या विमानतळाचा कोड असतो (कोल्हापूरचा केएलएच) आणि बारकोडखाली दहा आकडी क्रमांक. त्यातला दुसरा ते चौथा आकडा म्हणजे विमान कंपनीचा कोड, शेवटचे सहा म्हणजे त्या पट्टीचा अनुक्रमांक. सहाच आकडे असल्यामुळं दहा लाख पट्ट्यांनंतर तेच क्रमांक पुन्हा येतात. मागच्या प्रवासाची पट्टी काढून टाकायची ती एवढ्यासाठी. मोठ्या विमानतळावर स्कॅनरच्या कमानीखालून बॅग जाताना दोन वेगवेगळे बारकोड दिसले, तर यंत्र निर्णय घेत नाही. ती बॅग हातानं तपासायच्या बाजूला वळते आणि तुमचं विमान तोवर गेलेलं असू शकतं.

बॅगेच्या अंगावर चिकटवलेला बोटभर बारकोड बऱ्याच जणांना जाहिरातीइतकाच फालतू वाटतो. तो तसा नाही. सामान वाहणाऱ्या फिरत्या पट्ट्यांच्या सांध्यात अडकून मुख्य पट्टी फाटली तर बॅग कुणाची हे त्या तुकड्यावरूनच कळतं. तो लावू द्या, पण घरी पोचल्यावर आठवणीनं काढा. वर सांगितलेला घोळ बहुतेक वेळा या विसरलेल्या छोट्या बारकोडांमुळंच होतो, कारण पट्टी डोळ्यांत भरते आणि हा नाही.

सुरक्षा तपासणीचा स्टिकर किंवा पट्टा चेक-इनच्या आधी लागला असेल तर तो काउंटरवर बॅग देईपर्यंत हलवू नका. निघाला तर पुन्हा एक्स-रेच्या रांगेत. ‘नाजूक’, ‘जड’, ‘प्रायॉरिटी’ हे स्टिकर लोडरांसाठी असतात, तेही राहू द्यावेत. एक मात्र नीट वाचायचा: ‘लिमिटेड रिलीज’. बॅग आधीच फुटलेली आहे, नीट बंद होत नाही किंवा आत नाजूक सामान आहे असं त्यावर लिहिलेलं असतं आणि खाली तुमची सही घेतात. सही केली की त्या गोष्टीच्या नुकसानीची जबाबदारी कंपनी झटकू शकते. धडधाकट बॅगेवर तो लावायला निघाले तर कारण विचारा आणि खूण कशावर केली आहे ते बघूनच सही करा.

उरलं ते सगळं जाहिरात. जाहिरात बारकोडच्या पट्टीच्याच मागं छापली असेल तर प्रवास संपेपर्यंत इलाज नाही. जाहिरातीच्या स्टिकरवर क्यूआर कोड असेल तर तो स्कॅन करू नका. बॅग वाटेत अनेक हातांतून गेलेली असते आणि तो कंपनीनंच लावला याची खात्री कुणी देत नाही.

काउंटरवर काय बोलायचं

बोलायची वेळ एकच, बॅग वजनकाट्यावर ठेवल्या ठेवल्या. स्टिकरचा रोल कर्मचाऱ्याच्या हाताशी असतो आणि लावणं हे नुसत्या सवयीनं होतं. पट्टी लागली की बॅग पुढं सरकते, मग सांगून काही होत नाही. उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर, रांग आटोपशीर असते, तेव्हा सरळ मराठीत, आवाज न चढवता: “मॅडम, बारकोडचं तेवढं लावा, बाकीचं काय चिकटवू नगा.” एवढ्यावर काम होतं. “छोटा बारकोड इथं लावा” म्हणून जागा दाखवलीत तर आणखी बरं, कारण हात रिकामा राहिला की तो रोलकडं जातो.

ही जागा घरूनच तयार करून न्या. कडेच्या हँडलजवळ, सपाट भागावर, साधारण १० बाय १५ सेंटिमीटरचा तुकडा भरेल अशा रुंद पारदर्शक चिकटपट्टीच्या दोन-तीन पट्ट्या एकमेकींवर जराशा चढवून लावायच्या. प्रत्येकीचं एक टोक सेंटीमीटरभर आत दुमडायचं, म्हणजे परत आल्यावर ते चिमटीत धरून सगळं एकदम ओढता येतं. मात्र दर प्रवासानंतर ही चिकटपट्टी बदला. दोन उन्हाळे तशीच राहिलेली चिकटपट्टी स्टिकरपेक्षा वाईट निघते.

काही जण कडक बॅगेला गाडीचं वॅक्स पॉलिश लावतात, म्हणजे काहीच टिकत नाही. खरं आहे, पण मग कामाचा छोटा बारकोडही गळून पडतो. लावायचंच असेल तर ही हँडलजवळची जागा सोडून लावा.

मुंबई, हैदराबाद किंवा बेंगळुरूला विमान बदलायचं असेल आणि बॅग थेट पुढं जाणार असेल, तर मधल्या हातांना तुम्ही काही सांगू शकत नाही. तिथं कव्हरच उपयोगी.

कव्हर शिवून घेणं

ताणून बसणारी तयार कव्हरं मिळतात, पण ती दोन-चार फेऱ्यांत कोपऱ्यांवर विरतात. जाड ड्रिल किंवा कॅनव्हासचं कव्हर कुठलाही शिंपी शिवून देतो. माप सांगता आलं पाहिजे एवढंच. बॅग ६७ बाय ४५ बाय २७ सेंटिमीटरची धरली तर भोवतीचा घेर १४४ येतो. शिलाईसाठी दोन्हीकडं दोन-दोन धरून १४८ लांब आणि ७२ उंच असा एक तुकडा, वरच्या झाकणाला ४९ बाय ३१ चा दुसरा. पन्हा ११० सेंटिमीटरचा असेल तर दीड मीटर कापडात दोन्ही बसतात. कापड आधी भिजवून वाळवून मग द्या, नाहीतर पहिल्या धुण्यानंतर कव्हर चढत नाही, आणि आटण्यासाठी दहा सेंटिमीटर जास्तच घ्या.

कव्हर अभ्र्यासारखं वरून घालायचं, खालून उघडं. चाकांच्या वर तीन सेंटिमीटर थांबवा. खालून पुढच्या काठापासून मागच्या काठापर्यंत, चाकांच्या मधून, वेल्क्रोच्या दोन पट्ट्या, प्रत्येकी ३५ सेंटिमीटर. बक्कल किंवा नाडी नको, कारण लोंबणारं टोक सामानाच्या फिरत्या पट्ट्याच्या फटीत गेलं की कव्हर फाटतं, कधी हँडलही उखडतं. वरच्या आणि कडेच्या हँडलसाठी १८ ते २० सेंटिमीटरच्या चिरा ठेवून त्यांना पायपिंग मारून घ्या. बारकोडची पट्टी कव्हरच्या बाहेर, हँडललाच लागली पाहिजे. हँडल झाकलं गेलं तर कर्मचारी कव्हर काढायला लावतील, ते बरोबरच आहे.

चिकटलेली जाहिरात काढणं

जितकी लवकर तितकी सोपी. मे महिन्यात गाडीच्या डिकीत दोन दिवस राहिलेल्या बॅगेवरचा गोंद आधी पातळ होऊन पृष्ठभागाच्या बारीक रेघांत उतरतो, मग वाळून पिवळा आणि ठिसूळ होतो. घरी आल्यावर त्याच दिवशी बसा.

पहिलं पाऊल सगळ्या बॅगांना सारखंच. हेअर ड्रायर मध्यम उष्णतेवर, १५ ते २० सेंटिमीटर लांब धरून, एका जागी न थांबवता अर्धा मिनिट फिरवा. हाताला कोमट लागलं की पुरे. मग नखानं एक कोपरा उचलायचा आणि कागद वर न खेचता स्वतःवरच उलटा दुमडून, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, सावकाश ओढायचा. घाई केली की कागद मधूनच सोलतो, गोंद आणि खालचा थर बॅगेवरच राहतो. बारकोडचा स्टिकर ड्रायरखाली काळा पडतो. तो थर्मल कागद असतो, उष्णतेनंच छापतो. स्पिरिटनंही काळा पडतो. म्हणून तक्रारीसाठी क्रमांक हवा असेल तर आधी फोटो काढा. या कागदावरच्या लेपातली रसायनं हातांना लागतात, तेव्हा काम झाल्यावर हात साबणानं धुवा.

उरलेल्या गोंदाला काय लावायचं ते बॅग कशाची आहे यावर ठरतं, आणि बॅगा बिघडतात त्या इथंच.

कडक बॅगेच्या आतल्या अस्तरावरच्या लेबलवर बहुधा साहित्य लिहिलेलं असतं. पॉलिप्रॉपिलीन असेल तर निश्चिंत राहा: मेणचट, मंद चमकेचं हे प्लास्टिक सहसा कशानं बिघडत नाही आणि मुळात त्याला गोंदही धड धरत नाही. पॉलिकार्बोनेट आणि एबीएस (चकाकणाऱ्या बॅगा बहुतेक यांच्याच) यांना मात्र नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर, पेट्रोल यांतलं काहीही लावू नका. रिमूव्हरमधल्या ॲसिटोननं पृष्ठभाग विरघळून पांढरट होतो. पेट्रोल-थिनरनं कोपऱ्याशी, जिथं साचा वळलेला असतो, तिथं केसासारख्या भेगा पडतात, आणि पुढच्या आपटण्याला बॅग तिथंच फुटते. यांना शेंगतेल किंवा खोबरेल. गोंदावर बोटानं जाडसर थर द्या, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग अंगठ्यानं एकाच दिशेनं चोळा. गोंदाच्या वळ्या होऊन सुटतात. वरचा प्लास्टिकचा पापुद्रा राहिला असेल तर तेल खाली पोचत नाही, तेव्हा तो आधी जुन्या एटीएम कार्डाच्या कडेनं खरवडा. ब्लेड, सुरी, तारेची घासणी नको. शेवटी भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब कोमट पाण्यात घालून दोनदा पुसा. तेल राहिलं तर त्या जागी धूळ बसून स्टिकरच्या आकाराचा काळा चौकोन तयार होतो आणि मग गोंदच निघाला नाही असं वाटतं.

तेलाला दाद न देणारा गोंद ॲक्रिलिकचा असतो. त्याला मेडिकलमध्ये मिळणारं सर्जिकल स्पिरिट फडक्यावर घेऊन पुसा, ओतू नका, आणि लगेच ओल्या कापडानं टिपून घ्या. आधी तळाशी, चाकांजवळ, एका टिकलीएवढ्या जागेवर करून बघा.

कापडी बॅगेला तेल लावू नका, डाग कायमचा बसतो. पिशवीत बर्फ घालून दहा मिनिटं गोंदावर दाबून ठेवा. तो कडक झाला की कार्डानं खरवडा, राहिलेल्याला जुन्या टूथब्रशनं थोडं स्पिरिट. थोडंच, कारण पॉलिस्टर-नायलॉनच्या मागं पाणी अडवणारा लेप असतो, तो भिजला की पापुद्र्यांसारखा सुटतो.

चामड्याची बॅग हे वेगळंच प्रकरण. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या आपल्याकडच्या चामड्यावर पाण्याचा डाग पडतो, तेलानं ते काळवंडतं, स्पिरिटनं रंग सुटतो. ड्रायरची अगदी हलकी ऊब, अंगठा आणि स्वच्छ खोडरबर, एवढंच. चामड्याचा वरचा थर कागदाबरोबर उठायला लागला तर तिथंच थांबा आणि चामड्याच्या कारागिराकडं न्या. खरं तर अशी बॅग कव्हरशिवाय चेक-इनला देऊच नये.

बऱ्याच महिन्यांचा स्टिकर काढल्यावर खाली गडद चौकोन दिसला तर तो गोंद नव्हे. आजूबाजूचा रंग उन्हानं उडालेला असतो. त्याला घासून काही होत नाही.

तक्रार

नुसती जाहिरात लागली आणि स्वच्छ निघाली, तर एक ईमेल लिहा, दिलगिरी येईल, फार तर सवलतीचं कूपन. त्यापुढं वेळ घालवण्यात अर्थ नाही. रंग उडाला, चामडं सोललं, पृष्ठभाग खराब झाला, तर गोष्ट निराळी.

नुकसान विमानतळावरच दिसलं तर बाहेर पडण्याआधी सामानाच्या काउंटरवर पीआयआर, म्हणजे सामानाच्या गडबडीचा अहवाल, भरून घ्या. त्याच्या दहा अक्षरांच्या क्रमांकात विमानतळ आणि कंपनीचे कोड आणि पाच आकडे असतात, तो पुढं सगळीकडं लागतो. घरी दिसलं तर स्टिकर काढण्याआधी फोटो: एक लांबून पूर्ण बॅगेचा, एक जवळून, एक बारकोडच्या पट्टीसह. आंतरराष्ट्रीय प्रवासाला लागू असलेल्या माँट्रियल करारानुसार (भारत त्यात २००९ पासून आहे) चेक-इन सामानाच्या नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून ७ दिवसांत व्हावी लागते. देशातल्या प्रवासालाही तेच सात दिवस धरून चाला. बॅगेचं बिल असेल तर जोडा, भरपाई ठरवताना तिचं वय बघतात.

पत्रात ‘मला त्रास झाला’ एवढंच नको. सामान वाहून नेण्यासाठी दिलं होतं, जाहिरातीसाठी नाही, आणि भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १५४ नुसार सोपवलेली वस्तू ठरल्याबाहेर वापरली तर त्यातून झालेलं नुकसान सोपवून घेणाऱ्यानं भरायचं, हा मुद्दा लिहा. दुरुस्तीचा किंवा बदलीचा नेमका आकडा मागा. उत्तर आलं नाही तर कंपनीचा नोडल अधिकारी (तक्रारींसाठी नेमलेला), मग नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचं एअरसेवा हे तक्रार पोर्टल, किंवा ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे कोल्हापूरकरांना कोल्हापुरातच, दावा लावता येतो. मुदत दोन वर्षं, आणि ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही.

निकाल लागेपर्यंत बारकोडची पट्टी आणि बोर्डिंग पासवर चिकटवलेला तिचा छोटा तुकडा जपून ठेवा. नंतर टाकताना पट्टी कात्रीनं कापा, हातानं फाटत नाही, तिच्यात प्लास्टिकचा थर असतो. पण विमानतळावरच्या कचरापेटीत टाकू नका. बऱ्याच पट्ट्यांवर नाव आणि पीएनआर छापलेला असतो, आणि आडनाव अधिक पीएनआर एवढ्यावर परतीचं तिकीट कुणालाही उघडता येतं.