बर्लिनला परतताना: तयारीची यादी

नऊ वर्षे ज्या शहरात काढली तेथे परत जाण्यासाठी वेगळी तयारी कसली करायची, असे मला मागच्या खेपेस मनापासून वाटले होते. आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनिमित्त साडेपाच महिने भारतात राहून मी नोव्हेंबरात बर्लिनला परतलो, तेव्हा कोणत्या डब्यात बसले म्हणजे नेमके जिन्यासमोर उतरता येते इथपर्यंत सगळे अंगवळणी पडलेले होते, आणि त्याच भरवशावर मी पहिला महिना पार नासवून घेतला. आता पुन्हा जवळजवळ तेवढ्याच मुक्कामानंतर परतायचे आहे, म्हणून ही यादी. ती नवख्या माणसासाठी नाही. तो बिचारा प्रत्येक गोष्ट दहा जणांना विचारून करतो. ज्याला बर्लिन आपलेच वाटते आणि म्हणून जो कोणालाच काही विचारत नाही, त्याच्यासाठी आहे.

आधी तारखा मोजाव्यात. साधा निवासपरवाना असणारा माणूस सहा महिन्यांहून अधिक काळ जर्मनीबाहेर राहिला, तर निवास कायद्याच्या ५१व्या कलमानुसार तो परवाना आपोआप संपतो; ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांना मिळणारा युरोपीय संघाचा परवाना, असेल तर ही मुदत बारा महिन्यांची आहे. अधिक राहावे लागणार असेल, तर मुदत उलटण्याआधीच परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडून ती वाढवून घ्यावी लागते. कार्ड कोणी हिसकावून घेत नाही, ते पाकिटात होते तसेच चकचकीत दिसत राहते, आणि म्हणूनच माणूस फसतो. विमानाचे जाण्यायेण्याचे बोर्डिंग पास जपून ठेवावेत. पासपोर्ट, निवासपरवान्याचे कार्ड आणि घराच्या किल्ल्या हातातल्या बॅगेत असाव्यात, आणि त्या जुडग्यात पत्रपेटीची लहान किल्ली आहे ना, हे बोटाने चाचपून पाहावे. पत्रपेटीकडे मी पुन्हा येणार आहे.

सामानाबद्दल काही सांगत नाही. मात्र युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत आणायला बंदी आहे, तेव्हा पेढे मुंबईच्या विमानतळावर पोहोचण्याआधीच संपवावेत.

घर मध्यंतरी कोणाला दिले असेल, तर घरमालकाची परवानगी घेतलेली असणारच, असे गृहीत धरतो. निघताना पोटभाडेकरूने विजेच्या मीटरचे छायाचित्र पाठवावे, किल्ल्या कोणाकडे द्यायच्या ते ठरवावे, आणि पत्रपेटीवरचे व बेलवरचे स्वतःचे नाव काढताना तुमच्या नावाला हात लावू नये, हे त्याला लेखी कळवावे. तोंडी सांगू नये. मी तोंडी सांगितले होते.

माझे काय झाले ते सांगितल्याशिवाय या एकाच गोष्टीचा मी एवढा धोशा का लावला आहे, ते कळणार नाही. जर्मनीत पत्त्यात सहसा घराचा क्रमांक नसतो. इमारतीचा क्रमांक असतो आणि पुढचे सगळे नावावर चालते. पुढच्या इमारतीत की मागच्या, तिसऱ्या मजल्यावर की चौथ्या, हे पोस्टमनला ठाऊक नसते. तो पेट्यांच्या रांगेवरून नजर फिरवतो, पाकिटावरचे नाव एखाद्या पेटीवर सापडले तर पत्र आत टाकतो, नाही सापडले तर परत पाठवतो. आमच्या पोटभाडेकरूने माझ्या नावावर स्वतःच्या नावाची पट्टी चिकटवली होती, आणि जाताना त्याने ती इमानेइतबारे ओढून काढली, तिच्याबरोबर माझेही नाव निघून आले. पेटीवर गोंदाचा एक पिवळट चौकोन उरला होता आणि त्याला धूळ व लोकरीचे दोन तंतू चिकटले होते. हे मला तीन आठवड्यांनी दिसले. त्याआधी मी रोज पेटी उघडत होतो आणि तीत रोज काहीतरी असे: पिझ्झावाल्याचे पत्रक, घरसामान हलवणाऱ्यांची जाहिरात, निवडणुकीचे कागद. जाहिराती वाटणारा नाव पाहत नाही, तो सरसकट सगळ्या पेट्यांत कागद कोंबतो. मला वाटले टपाल नियमित येत आहे. प्रत्यक्षात बँकेचे नवे कार्ड परत गेले होते, दुसऱ्या पाकिटातून स्वतंत्र येणारा त्याचा पिनही परत गेला होता, आणि पत्ता खोटा ठरवून बँकेने खाते गोठवले होते. खाते गोठल्याचे पत्रही अर्थातच परत गेले. खाते बंद म्हणून भाडे गेले नाही, भाडे गेले नाही म्हणून मालकाने ताकीद पाठवली, आणि ती तेवढी मला मिळाली, कारण ती त्याने ईमेलने पाठवली होती.

तेव्हा विमानतळाकडून घरी येतानाच ठरवून ठेवावे की वर जाण्याआधी पेटी पाहायची. बर्लिनच्या भाड्याच्या ए, बी, सी अशा तीन क्षेत्रांपैकी विमानतळ सी क्षेत्रात आहे, त्यामुळे एबीसी तिकीट लागते; देशभरातल्या स्थानिक गाड्यांना चालणारे मासिक डॉइचलांडटिकेट जाताना रद्द केले असेल तर ते आपोआप पुन्हा सुरू होत नाही, आणि विनातिकीट सापडल्यास ६० युरो भरावे लागतात. शक्यतो शनिवारी रात्री पोहोचू नये. रविवारी दुकाने बंद असतात. अगदीच नड पडली तर मुख्य रेल्वे स्थानकातली उघडी असतात, पण तिथली रांग पाहून भूक मरते.

इमारतीत शिरल्यावर बॅगा जिन्यापाशी ठेवाव्यात आणि पेटीसमोर उभे राहून तिच्यावरचे नाव मोठ्याने वाचावे. पाहू नये, वाचावे. पासपोर्टवर जे आडनाव जसे लिहिले आहे तसेच ते पेटीवर हवे. नवराबायकोची आडनावे वेगळी असतील तर दोन्ही हवीत, बँकेत लग्नाआधीचे नाव असेल तर तेही हवे. कागदाची पट्टी आणि चिकटपट्टी हातातल्या बॅगेतच असावी. इमारतीची व्यवस्था पाहणाऱ्यांकडून धातूची रीतसर पाटी यायला आठवडे लागू शकतात, तिची वाट पाहत बसू नये. मग बाहेर जाऊन बेलवरचे नावही वाचावे, कारण पार्सलवाला पेटीकडे जात नाही, बेल शोधतो. थंडी असेल, झोप येत असेल, सकाळी पाहू असे वाटेल. सकाळी पाहिले जात नाही.

वर गेल्यावर सगळे नळ काही मिनिटे वाहू द्यावेत, कारण महिनोन्महिने नळांत साचलेले पाणी पिण्यालायक राहत नाही. न्हाणीघरात गटाराचा वास आला तर घाबरू नये, मोरीखालच्या वाकड्या नळीतले पाणी आटलेले असते. बादलीभर पाणी ओतले की वास थांबतो. खिडक्या पाचेक मिनिटे सताड उघडाव्यात, नंतर बंद करून खोली तापवणाऱ्या रेडिएटरची चकती ३ वर ठेवावी. थंडीत खिडकी दिवसभर किलकिली ठेवण्याची आपली सवय इथे भिंतींना बुरशी आणते.

झोपेचे फारसे कठीण नाही. भारत आणि बर्लिन यांच्यात हिवाळ्यात साडेचार तासांचे आणि उन्हाळ्यात साडेतीन तासांचे अंतर असते, आणि पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, जे शरीराला जास्त मानवते, कारण आतले घड्याळ मुळात चोवीस तासांहून किंचित मोठे असते. पहाटे तीनला जाग येईल आणि संध्याकाळी सातला डोळे मिटतील. दिवसा उजेडात चालावे. डिसेंबरात सूर्य चारच्या आत मावळतो, म्हणून हे चालणे दुपारी जेवणाआधीच उरकावे.

पहिल्या आठवड्यात टपाल रोज पाहावे, आणि जाहिरातींखेरीज स्वतःच्या नावाचे एक तरी पत्र आले का, ही खूण धरावी. आठ दिवसांत एकही आले नाही तर काहीतरी चुकते आहे. स्वतःच स्वतःला एक पत्र टाकावे, टपालखर्च एक युरोच्या आसपास आहे, आणि ते येते का ते पाहावे. माझी पत्नी याला हसते. हसू द्यावे. पिवळे पाकीट, म्हणजे कचेरीने वा न्यायालयाने रीतसर बजावलेले पत्र, आले तर पोस्टमनने त्यावर लिहिलेली तारीख पाहावी, कारण उत्तराची मुदत तेव्हापासून मोजली जाते आणि ती दोन आठवड्यांची असू शकते. साध्या टपालाने येणारा सरकारी निर्णय १ जानेवारी २०२५ पासून पाठवल्यानंतर चौथ्या दिवशी मिळाला असे धरले जाते. तुम्ही तो उघडला की नाही, याच्याशी कोणाला देणेघेणे नसते. शेजाऱ्यांनी सांभाळलेली पार्सले घेताना चार मिनिटे उभे राहून बोलावे.

जर्मन गंजलेली असते. पहिल्या दिवशी बेकरीत पाव मागताना माझ्या तोंडून ‘दोन द्या’ निघाले आणि काउंटरमागच्या बाईंनी अत्यंत गंभीरपणे दोन दिले. मी बोटेही दाखवली असणार. आठवडाभर जर्मन बातम्या ऐकाव्यात, सुटते जीभ. एखाद्या दुपारी रिंगबानमध्ये, म्हणजे शहराभोवती गोल फिरणाऱ्या लोकलमध्ये, बसून पूर्ण फेरी करावी. ‘एस ४१’ घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जाते आणि साधारण तासाभरात बसलो त्याच स्थानकावर आणून सोडते. आपल्या माघारी कोणती भिंत नवी रंगली आणि कोठे परांची उभी राहिली, हे पाहिल्यावर शहराशी पुन्हा ओळख पटते. माझ्यापुरते तरी हे कपाट लावण्यापेक्षा जास्त उपयोगाचे ठरले.

उरलेले थोडक्यात. सायकलच्या चाकांत हवा, ब्रेक, दिवे. दूरदर्शन-रेडिओची वर्गणी दर घरामागे महिना १८.३६ युरो, ती भरली जात आहे ना ते खात्यात पाहावे. रिकाम्या बाटल्या पोटभाडेकरूने सोडल्या असतील तर परत द्याव्यात, प्लॅस्टिकच्या बाटलीमागे सहसा २५ सेंट मिळतात. दातांच्या डॉक्टरची वेळ. करविवरण. मित्रांना फोन, एका दिवशी एकालाच.

नावाच्या पट्ट्या मी कालच छापल्या. चार आहेत: दोन पेटीसाठी, एक बेलसाठी, आणि एक पासपोर्टच्या वेष्टनात, पहिल्या तीन हरवल्या तर.